मास्तर आत आहेत

१

सकाळी कामावर जाताना मी बेकरीच्या मागच्या दाराशी थांबते. माझा नवरा तिथे भट्टीवर असतो. हात पिठाने भरलेले, म्हणून तो कोपराने पावाची पुडी माझ्याकडे ढकलतो आणि म्हणतो, "जा, यंत्रांना खाऊ घाल." रोज तोच विनोद आणि रोज मी हसते. आमचं बरं चाललंय. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं, हिला घरी काहीतरी त्रास असणार. काही त्रास नाही.

आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा घासून तयार होतात. गावोगावच्या दुकानांमधून नंबर येतात, आमचे सर्व्हर ते काच घासणाऱ्या यंत्रांपर्यंत पोचवतात. सर्व्हर सांभाळणं माझं काम. एके दिवशी सकाळीच सगळं ठप्प झालं. यंत्रं उभी, कारागीर हातावर हात ठेवून बसलेले. डिस्क भरली होती. कशाने? लॉगने. सर्व्हर दिवसभर स्वतःशी पुटपुटत असतो: अमका आत आला, तमका बाहेर गेला, हे चाललं, ते अडलं. ते सगळं पुटपुटणं फाईलमध्ये उतरत राहतं. आमच्याकडे ते कुणी कधी पुसलंच नव्हतं.

कारण मास्तर. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नाही, पण आमच्यातल्या प्रत्येकाला हाताला धरून काम शिकवलं, म्हणून मास्तर. यंत्रांना पक्ष्यांची नावं देण्याची हौसही त्यांचीच. चिमणी, साळुंकी, भारद्वाज. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि त्याच दिवशी त्यांचा सगळ्यात जुना सर्व्हर, पारवा, तोही बंद झाला. त्याची वायर त्यांनी स्वतः ओढली आणि त्याच्या डोक्यावर थोपटलं. लॉग पुसायचा विषय काढला की ते म्हणायचे, "असू दे गं. खायला मागतंय का तुला?"

आता ते खरंच खात होतं. मी जागा मोकळी करून यंत्रं सुरू केली आणि मग निगुतीने कामाला लागले. सगळ्या सर्व्हरांचं पुटपुटणं एकाच यंत्रावर गोळा व्हावं अशी सोय केली. त्या नव्या यंत्राचं नाव ठेवलं कावळा. गावभरच्या बातम्या त्याला ठाऊक. मग फाईली फिरवायची व्यवस्था लावली. आठवडा संपला की चालू फाईल बाजूला सरकते, तिच्या नावापुढे आकडा लागतो, नवी कोरी फाईल सुरू होते. जुन्या आवळून ठेवायच्या, आणि अगदी शेवटची पुसून टाकायची. फाईल सरकवली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला तसं सांगावं लागतं, नाहीतर तो बापडा जुन्याच फाईलमध्ये लिहीत बसतो. तेही सांगितलं. सगळं एकदा चालवून पाहिलं. जे हवं तेच घडत होतं.

असं काम झालं की मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

२

ती ओळ मला दुसऱ्या दिवशी दिसली. यंत्राच्या भाषेत होती, पण तिचा अर्थ एवढाच: पारव्यावरून मास्तर आत आले.

थोडं खाली दुसरी ओळ: मास्तर बाहेर गेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर आले होते, चहाच्या आधी गेले होते.

मी घाबरले नाही. अशा गोष्टींना नेहमी कारण असतं आणि बहुतेक वेळा ते कंटाळवाणं असतं. एखाद्या यंत्राच्या पोटात जुन्या ओळी अडकून पडल्या असतील आणि नवी वाट मिळताच बाहेर पडल्या असतील. असं होतं. तुंबलेली मोरी मोकळी केली की आधी जुनंच पाणी येतं. मी समाधानाने चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. वेळ आजची, तारीख आजची.

मग कुणीतरी नव्या यंत्राला पारवा हे नाव दिलं असणार. मी शोधलं. तसं यंत्र नव्हतं. कुणाला तरी मास्तरांचा पासवर्ड ठाऊक असेल आणि तो थट्टा करत असेल. पण ओळ ज्या पत्त्यावरून येत होती तो पत्ता वर्षभर रिकामा होता. नेटवर्कच्या कुठल्याच तोंडाला त्या पत्त्याची वायर नव्हती. आवाज येतोय, पण दार नाही, असं काहीतरी.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो दुपारची झोप काढून नुकताच उठला होता, गालावर उशीची घडी उमटलेली.

"म्हाताऱ्याला घरी करमत नसेल," तो म्हणाला. "घरून कामाला बसत असतील."

"त्यांच्याकडे घरी संगणकच नाही. त्यांनी शपथ घेतलीय, पुन्हा हात लावणार नाही म्हणून."

"मग विचार त्यांनाच. जाताना माझ्याकडून बिस्किटं घेऊन जा."

एवढं सोपं होतं. पण त्याआधी मला पारवा बघायचा होता.

३

पारवा कुठे ठेवलाय ते स्टोअरच्या ताईंना ठाऊक होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवून त्या पुढे चालल्या. स्टोअरला लागूनच एक चिंचोळी खोली आहे. मास्तर आधी तिथे बसायचे, कारण तिथे कुणी सहज येत नाही. खिडकी नाही, एक पांढरा दिवा, भिंतीवर जुन्या कॅलेंडरचा चौकोन.

पारवा खालच्या फळीवर होता. त्याची वायर गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. मी वाकून त्याच्या अंगावर हात ठेवला. थंडगार. बोटांना धूळ लागली. मला फार बरं वाटलं.

मग मी उठले आणि मास्तरांच्या टेबलाकडे बघितलं. जुना मॉनिटर, जुना कीबोर्ड, दोन्ही कशालाच जोडलेले नाहीत. टेबलावर वर्षभराची धूळ साचली होती, बोटाने नाव लिहावं इतकी. पण कीबोर्डच्या कळा स्वच्छ होत्या. आणि कीबोर्डच्या अलीकडे, जिथे माणूस मनगटं टेकतो तिथे, दोन लांबट जागा पुसून काढल्यासारख्या.

"तुम्ही इथे झाडलोट करता का हो?" मी विचारलं.

"ह्या खोलीत? मला काय उद्योग नाहीत?" ताई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष खुर्चीमागे गेलं. "ही इथे कुणी आणली?"

मास्तरांच्या खुर्चीमागे आणखी एक खुर्ची होती. लोखंडी, जेवणाच्या हॉलमध्ये असतात तशी. ती भिंतीला टेकून ठेवलेली नव्हती. मास्तरांच्या खुर्चीच्या अगदी पाठीशी होती. इतकी जवळ, की तिच्यात बसणाऱ्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकावेत.

"नेते मी ही," ताई म्हणाल्या आणि खुर्ची उचलून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डोकावले, तर ती परत तिथेच होती. ताईंना मी काही बोलले नाही. त्यांनी ती हॉलमध्ये ठेवली असेल आणि कुणी परत आणली असेल. कारखान्यात खुर्च्या फिरतातच.

४

रविवारी दुपारी मी बिस्किटं घेऊन मास्तरांकडे गेले. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हे झोपलेत," त्या कुजबुजल्या. "बस. उठतील आता. अलीकडे फार गाढ लागते ह्यांना दुपारची."

काकू माहेरवाशीण आल्यासारखं माझं करतात. जुन्या वळणाच्या आहेत, नवऱ्याला कधी नावाने नाही, कधी अरे-तुरे नाही. 'हे म्हणतात', 'ह्यांना आवडतं'. मास्तरांना दटावतानाही 'अहो'. मास्तर त्यांच्या मागे कुरकुरत असतात, आणि दोघांनाही त्यात मजा वाटते.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिकडून मला पावसाच्या थेंबांसारखा आवाज आला. बाहेर तर लख्ख ऊन.

"ते होय?" काकू म्हणाल्या. "बघ की गंमत."

मास्तर पलंगावर उताणे झोपले होते. चेहरा असा निवांत, की मला त्यांच्याकडे बघत राहायचा संकोच वाटला. त्यांचे दोन्ही हात चादरीवर होते आणि बोटं चालत होती. भराभर, न अडखळता. मधेच उजव्या हाताचं एक बोट दूर जाऊन टपकन आपटायचं. ओळ संपली की मीही तसंच करते.

उठल्यावर मास्तर बाहेर आले, मला बघून खूश झाले आणि लगेच कुरकुरले. "बिस्किटं आणलीस? ही मला खाऊ देत नाही. चहात साखरसुद्धा मोजून."

"मास्तर, दुपारी स्वप्न पडतं का तुम्हाला?"

ते हसले. "हिने चहाडी केली वाटतं. पडतं. रोज एकच. माझ्या खोलीत बसून काम करतो. काय काम ते उठल्यावर आठवत नाही. पण असं छान वाटतं पोरी, काय सांगू! इतकी वर्षं नोकरी केली, इतकं सुख नव्हतं."

"एकटेच असता?"

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते मोडून कपात पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मागे बसलेलं असतं कुणीतरी," ते म्हणाले. "खुर्ची करकरते. कधी मानेवर श्वास लागतो. त्रास काही नाही. नुसतं बघतं, मी कसं करतो ते. शिकत असावं."

"मागे वळून नाही बघितलंत?"

"तिथे वळायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" मास्तर म्हणाले आणि चमच्याने कपातलं बिस्कीट शोधू लागले.

५

मी मास्तरांचं खातं बंद केलं. खरं तर हे काम वर्षापूर्वीच व्हायला हवं होतं. निवृत्त माणसाचं खातं उघडं ठेवत नाहीत, कुठल्याही कारखान्यात नाही. सकाळच्या इतर कामांबरोबर मी ते करून टाकलं. मनाला फार विचार करू दिला नाही.

जेवणानंतर मी जागेवर येऊन बसले आणि कावळ्याचा लॉग उघडला. पडद्यावर ओळी वर सरकत होत्या. नेहमीच्याच. मग एक आली: पारव्यावरून मास्तर. नाकारलं.

पुन्हा. नाकारलं. पुन्हा. आता दुसऱ्या कुठल्या ओळीला मधे शिरायला जागाच उरली नाही. पडदा त्या एकाच ओळीने भरून वाहू लागला. नाकारलं, नाकारलं, नाकारलं. कुणीतरी दोन्ही मुठींनी दार बडवतंय, आणि दाराचा आवाज मात्र येत नाही.

फोन वाजला. काकू होत्या. आवाज ओळखू येत नव्हता.

"अगं, हे उठत नाहीयेत! हाका मारल्या, पाणी मारलं. बोटं आपटतायत पलंगाच्या दांडीवर, नखातनं रक्त आलंय गं. रडतायत झोपेत. डॉक्टरांना फोन केलाय, पण तोवर मी काय करू? आणि मला काय सुचलं तुला फोन करायचं, देव जाणे."

मला वाटतं मी "थांबा" एवढंच म्हणाले. फोन खांद्याशी धरला आणि खातं पुन्हा उघडलं. एका ओळीचं काम. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर लागलं.

पडदा शांत झाला. मग एकच ओळ आली: मास्तर आत आले.

"थांबले," काकू फोनवर म्हणाल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "थांबले गं. हसतायत."

"बरं झालं."

"काहीतरी बोलतायत." त्या जवळ गेल्या असाव्यात, कारण मलाही ते ऐकू आलं. मास्तरांचा झोपेतला, जड, पण अगदी आनंदी आवाज. आपली वाट बघत बसलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा.

"बसा, बसा. उठू नका. आलो मी."

माझ्या पडद्यावर आणखी एक ओळ उमटली. पारव्यावरून आत आले. कोण, ते लिहिलेलं नव्हतं. नावाच्या जागी नाव नव्हतं. जागा तेवढी सोडलेली होती.

६

मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. त्यांच्या बोटांना पट्ट्या होत्या, त्यामुळे कप दोन तळव्यांत धरून ते ऐकत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"म्हणजे मी खरंच येतो तिथे," ते म्हणाले. त्यांना भीती वाटावी अशी माझी अपेक्षा होती. ते लाजल्यासारखे दिसले.

"मास्तर, दुपारची झोप सोडून द्या. काही दिवस."

"का?"

मागे कुणीतरी बसतं म्हणून? ते त्यांना ठाऊक होतंच.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "फाईल पुसली की ती लगेच जात नाही, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. नाव जातं. पण कुणीतरी तिला धरून बसलेलं असेल, तर ती असते. तो सोडेपर्यंत असते. मी निवृत्त झालो, माझं नाव गेलं. पण मला कुणीतरी धरून बसलंय तिथे. वाईट काय त्यात? घरी हिच्या मी दिवसभर पायात पायात येतो."

"मी कधी म्हटलं तसं?" काकू दारातून म्हणाल्या.

"म्हणत नाहीस, म्हणून तर." ते माझ्याकडे वळले. "राहू दे माझं खातं. एवढं कर."

मी हो म्हटलं. पण मला एकदा बघायचं होतं. ज्याला माणूस सुख म्हणतो, त्याच्या पाठीशी कोण बसतं?

दुसऱ्या दिवशी, मास्तर आत आल्याची ओळ बघून मी स्टोअरकडे गेले. ताई जेवायला गेल्या होत्या. चिंचोळ्या खोलीचं दार हातभर उघडं होतं. मी ढकललं नाही. आत दिवा बंद होता. बाहेरचा उजेड टेबलाच्या कडेपर्यंत पोचत होता.

कळांचा आवाज येत होता. सरावाच्या हाताचा, न अडखळणारा. मास्तरांच्या खुर्चीत कुणी नव्हतं. पण गादी दबलेली होती.

मॉनिटरची काळी काच माझ्याकडे तोंड करून होती. तिच्यात दार दिसत होतं, दारात मी दिसत होते. आणि माझ्या पुढे, त्या दोन खुर्च्यांच्या जागी, दोन माणसं. पुढच्याला मी मान खाली घालून टाइप करण्याच्या लकबीवरून ओळखलं. मागचा त्याच्याच बेताचा होता. तोच खांदा, तीच मान. त्याचे हात हवेत होते, आणि पुढच्याची बोटं चालत तशी त्याची चालत होती, एका क्षणाच्या अंतराने. नवखा माणूस गाण्याच्या मागे मागे गातो तशी. मी बघत असताना ते अंतर कमी कमी होत गेलं.

मला भीती वाटली नाही. हे लिहिताना वाटते, पण तेव्हा नाही. त्या दारातून असा निवांतपणा बाहेर येत होता, भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर ऊब येते तसा, की मला तिथेच भिंतीला टेकून बसावंसं वाटलं.

बाहेर ताईंच्या किल्ल्या वाजल्या. मी भानावर आले आणि चालू लागले.

७

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मास्तर आत आल्याची ओळ उमटली आणि बाहेर गेल्याची उमटलीच नाही. चहा झाला, कारागिरांची पाळी बदलली. आत्ता यंत्रावर कोण कोण आहे, हे विचारायची सोय असते. मी विचारलं. मी आणि मास्तर.

घाईघाईने फोन केला. काकूंनी उचलला.

"मास्तर उठले का?"

"उठलाय की. मघाशीच. भाजी निवडतोय."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे ओळ हुकली असेल. ओळी हुकतात कधीकधी. फोन ठेवल्यावर मला वाटलं की काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

दुसऱ्या दिवशीही मास्तर आतच होते. त्याच्या पुढच्या दिवशीही. रविवारी नेहमीप्रमाणे फाईली फिरल्या. मी मुद्दाम काही केलं नाही, व्यवस्था मीच लावलेली होती. एकेक आठवडा मागे सरकत गेला आणि मास्तर आत आल्याची ती ओळ ज्या फाईलमध्ये होती ती शेवटी पुसली गेली. ते कधी आत आले याचा आता काही पुरावा नाही. फक्त, विचारलं तर, आहेत.

मी त्यांच्या घरी गेले. दार मास्तरांनी उघडलं.

"ये पोरी," ते म्हणाले. तेच हसू, तोच आवाज. मी पुढच्या खोलीत काकूंसमोर बसले. त्यांनी स्वतः चहा करून आणला, काकूंचा कप, कान त्यांच्या हाताकडे येईल असा ठेवला. कुरकुर नाही. साखर किती, विचारलं नाही. बोटांच्या जखमा भरल्या होत्या. मग समोरची मोकळी खुर्ची सोडून त्यांनी एक खुर्ची उचलली, माझ्या मागे आणून ठेवली आणि तिच्यात बसले.

ती करकरली. मी समोर बघत राहिले. काकूही समोर बघत होत्या, माझ्या डोळ्यांत.

"किती बदल झालाय बघ," काकू म्हणाल्या. "आता घरात सगळं करतो. मी बोलले की ऐकतो. मधे तोडत नाही. परवा माझं डोकं दुखत होतं, तर रात्रभर उशाशी बसून होता."

करतो. ऐकतो. होता.

फोनवर काय खटकलं होतं ते मला तेव्हा कळलं. आयुष्यभर ज्यांना 'हे' म्हटलं, त्यांना या बाईने कधी चुकूनही 'तो' म्हटलं नव्हतं.

"बाजारातून कोथिंबीर आणतोस का रे?" काकू माझ्या खांद्यावरून म्हणाल्या.

"आणतो," तो म्हणाला. खुर्ची पुन्हा करकरली. पावलं दाराबाहेर गेली.

मग कुठे मी मागे वळून बघितलं.

"काकू, तुम्हाला..."

"अगं, मला कळणार नाही का?" त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "पहिल्याच दिवशी कळलं. उठून बसला आणि मला म्हणाला, आज तुझं जेवण झालं का? ह्यांनी कधी विचारलंय असं?" त्या हसल्या, आणि हसताना डोळे पुसले. "गुणी आहे गं. वाईट नाही. घाबरतो बिचारा, काही चुकेल म्हणून. हे कुठे आहेत?"

"आत आहेत."

"बरे आहेत?"

मी त्या खोलीच्या दारातली ऊब आठवली. "मला वाटतं, हो."

"मग तू ह्यांचं ते खातं बंद करू नकोस," काकू म्हणाल्या. "आणि जमलं तर निरोप पोचव. म्हणावं, माझी काळजी करू नका."

८

यंत्रावर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या पडद्यावर चार शब्द पाठवता येतात. जुनी सोय आहे, आता कुणी वापरत नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे जागेवर यायच्या आत, मी मास्तरांना लिहिलं:

मास्तर, काकू बऱ्या आहेत. म्हणतात, काळजी करू नका.

बराच वेळ काही नाही. मी हातातला पाव संपवला. मग माझ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं, त्यांच्या टाइप करण्याच्या लयीत.

बरं झालं. मीही बरा. काम भरपूर आहे.

मग: मागची खुर्ची काही दिवस रिकामी होती. आता नाही.

मी हात कळांवर ठेवले आणि उचलले. तेवढ्यात आणखी ओळ आली.

त्याला सांग, माझ्या डाव्या गुडघ्याला रोज तेल लावायचं. त्याला माहीत नसेल. दुर्लक्ष केलं तर जिना चढवत नाही.

मी थांबले. आणखी काही आलं नाही. यंत्रावर मी आणि मास्तर. मी एवढंच लिहिलं, "सांगते," आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन काकूंना फोन लावला. ऊन छान पडलं होतं. कारागीर जेवून गप्पा मारत परत येत होते. खुर्चीबद्दल मी काही बोलले नाही. गुडघ्याचं तेवढं सांगितलं.

"डावाच तो," काकू म्हणाल्या. "मला का माहीत नाही? मी बाटली घेऊन बसते रोज. पण हा उजवा पुढे करतो."

"मग?"

फोनच्या पलीकडे खुर्ची करकरली. काकूंच्या अगदी पाठीशी असावी.

"मग काय," काकू म्हणाल्या, "दोन्हींना लावीन."